वाजता खडक

"तुमचं यंत्र खोटं बोलतं की माझे बाबा?"

हा प्रश्न मच्छीमार सोसायटीच्या भरसभेत विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, सानवी आणि रेश्माने, माझ्याशी लावली होती. गेल्या वर्षी मी वर्गात हजेरी देतानासुद्धा अडखळायचे. आता सरळ उभी राहिले, विचारून टाकलं आणि खाली बसायचं विसरले.

बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांचे कान लाल झालेले मला मागूनही दिसले.

प्रश्न उगाच नव्हता. समुद्रातले मासे मोजायला डॉ. शाहीन मुकादम मॅडम आमच्या कोंडबंदरात आल्या होत्या. त्यांच्याबरोबर एक यंत्रमानव होता: लांबट, पांढुरका, पाण्याखाली एकटाच फिरणारा. आम्ही पोरांनी त्याचं नाव बोंबील ठेवलं होतं. बोंबील म्हणत होता की घोळ मासा संपत आलाय, विणीच्या दिवसांत (मासे अंडी घालतात ते दिवस) घोळीसाठी कुठेच जाळी टाकू नका, वाजत्या खडकावरसुद्धा. आणि आदल्याच संध्याकाळी त्याच खडकावर बाबांचं जाळं घोळींनी भरलं होतं. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. बंदरातल्या सगळ्या बोटी त्यांच्या मागून जातात. खडक बंद करायचा की नाही हे आज ठरणार होतं, आणि बाबा हात वर करतील तिकडे सगळे करणार होते.

"मला खोटं बोलता येत नाही," बोंबील मॅडमच्या शेजारून म्हणाला. "तशी सोय केलेली नाही."

"आमच्यात पण नाही केलेली," बाबा म्हणाले. लोक हसले.

मॅडम हसल्या नाहीत. "आणि दोघंही खरं बोलत असाल तर? तांडेल, मला संध्याकाळी खडकावर न्याल? हात नंतर वर करू."

"मी पण येणार," मी म्हटलं. आमच्याकडे बाया मासळी विकतात, बोटीवर जात नाहीत. पण भरसभेत उभ्या राहिलेल्या मुलीला परत खाली बसवणं सोपं नसतं.

खडकापाशी पोचेपर्यंत मी बोटीवर चार जागा बदलल्या. "बस गो एका ठिकाणी," हरेशकाका ओरडला. तो आमच्या बोटीवर जाळं सांभाळतो.

सूर्य टेकला तसं बाबांनी इंजिन बंद केलं, वल्हं पाण्यात उभं धरलं आणि त्याच्या दांड्याला कान लावला. आजोबाही असंच करायचे. पाण्यातला आवाज लाकडातून वर चढतो. बाबांनी मला खुणेनं बोलावलं. मी कान टेकवला.

गुर्रर्र. गुर्रर्र. जणू सगळ्या समुद्राला भूक लागली होती.

"मासे एकमेकांवर घासतात, त्याचा आवाज," बाबा म्हणाले. "आवाज मोठा म्हणजे दाटी मोठी. आणि हे म्हणतात दर्या रिकामा झाला."

मॅडमनी हायड्रोफोन (पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र) खाली सोडला. "घासत नाहीत, तांडेल. घोळीच्या पोटात भोत असतं ना, हवेची पिशवी? नर तिच्या बाजूचा स्नायू थरथरवतो आणि पिशवी ढोलकीसारखी घुमते. तो मादीला बोलावतोय. इथे अंडी घालायची वेळ झालीये."

तेवढ्यात बोंबील बोटीला टेकला. मॅडमनी किनारपट्टीभर काही घोळींना छोटे संदेशक (आपली खूण आवाजानं कळवणारे ठोकळे) लावून सोडलं होतं. बोंबील ते ऐकू लागला.

"ही डहाणूची घोळ. ही श्रीवर्धनची. ही वेंगुर्ल्याची. मी समुद्रात सरळ रेषा आखून मोजत होतो. हा खडक दोन रेषांच्या मधे राहिला. माझं चुकलं."

माझ्या डोक्यात लख्ख झालं आणि गप्प बसवेना. "बाबा, लग्न! अख्खं गाव मांडवात जमलं आणि कोणी फक्त मांडवात डोकावलं, तर त्याला वाटेल काय गर्दी आहे या गावात. बोंबील रिकामी घरं मोजत होता. तुम्ही मांडव."

"आणि गावात माणसं कमी झाली, तरी मांडव भरलेलाच दिसतो," मॅडम म्हणाल्या. "शेवटच्या लग्नापर्यंत."

"तांडेल, टाकू का?" हरेशकाकाच्या हातात जाळं तयार होतं. "काळोख होतोय."

बाबांनी पुन्हा वल्ह्याच्या दांड्याला कान लावला. मला ओरडावंसं वाटत होतं. मी बोटीची कड घट्ट धरून ठेवली.

"माझा बा तीन खडक ऐकायचा," शेवटी ते म्हणाले. "दीपगृहाखालचा आधी गप्प झाला. मग खाडीच्या तोंडाचा. आम्ही म्हणायचो, घोळ इकडे हलली."

"हे मला ठाऊक नव्हतं," बोंबील म्हणाला. "तेव्हा मी नव्हतो. सगळं सांगाल?"

"सांगतो. हरेश, जाळं आत घे."

"आत? भरल्या खडकावरून?"

"लग्नघरात दरोडा घालायचा नसतो," बाबा म्हणाले. हरेशकाका पुटपुटत राहिला, पण जाळं आत आलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी खडक बंद ठेवण्यासाठी हात वर केला. काही हात लगेच उठले, काही रागारागाने. घोळीचं हे गाणं थांबेपर्यंत, म्हणजे वीण संपेपर्यंत, बोटी लांबच्या पाण्यात बांगड्यासाठी जाणार होत्या. पण गाणं कधी थांबलं हे सांगणार कोण? बोंबील अजून घोळ आणि तिच्यासारखाच घुमणारा ढोमा मासा यांच्या आवाजात गफलत करत होता. रोज संध्याकाळी वल्ह्याला कान लावून त्याला शिकवणारं कोणीतरी हवं होतं, आणि तांडेल तर सगळे लांब जाणार.

रात्रीच्या जेवणाला मी ताटावर बसले आणि उठले.

"काय टोचतंय हिला?" आई म्हणाली.

"आई, बाबा, उद्यापासून संध्याकाळी मॅडमच्या होडीवर मी जाणार. विचारत नाहीये, सांगतेय. वाजत्या खडकावर वल्हं मी धरणार. परत येताना दीपगृहाखालीसुद्धा थांबणार आणि खाडीच्या तोंडाशीही. तिथे काही ऐकू येणार नाही, माहितीये मला. पण ज्या दिवशी येईल, त्या दिवशी तिथे कोणाचातरी कान असायला हवा."