उभं राहिलेलं सोयाबीन

पडद्यावर सोयाबीन भिंतीसारखं उभं होतं, आणि सोयाबीन कधी असं उभं राहत नाही.

विशाखाने व्हिडिओ पुन्हा मागे घेतला. ती कारखान्यांची सुरक्षा तपासणारी अधिकारी. अहमदपूरजवळच्या या गोदामात, धान्य साठवायच्या पत्र्याच्या उंच सायलोमध्ये, निवृत्ती नावाचा हमाल सोयाबीनखाली गाडला गेला होता. कंपनी असे सायलो स्वतः बांधायची. आराखडे तपासायला संगणक होता. त्यावरच ही घटना, दाण्यादाण्याची हालचाल हिशेबात धरून, चित्ररूपात उभी केली होती. खालचा दरवाजा उघडतो, मधले दाणे वाहून जातात, कडेचे जागच्या जागी.

"निवृत्ती कडेला उभा होता," व्यवस्थापक व्यंकट म्हणाला. "कडेचं सोयाबीन हललंच न्हाई. म्हणजे तो आपणहून मधी उतरला. सकाळी बायकोशी भांडून आलता म्हणे."

"दरवाजा कोण उघडतं?"

"माझ्या हुकमाबिगर इथं बटण दाबलं जात न्हाई, मॅडम."

"आणि हे राखाडी दाणे?"

"ते निपचित पडलेले. हिशेबातून काढलेत. जे हलतच न्हाई त्याचं गणित कशाला? वेळ वाचतो." मग घाईने म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं? ही सगळी आमच्या संगणकवाल्या करिश्माची कारागिरी."

बाहेर पायरीवर निवृत्तीची बायको बसून होती. चांगुणा.

"हापशावर गेले की बाया उठून जातेत, बाई. म्हणतेत, हिच्याच जाचानं उडी घेतली त्यानं."

"तुम्हाला काय वाटतं?"

चांगुणानं पायरीवरची धूळ बोटानं पुसली. "एकटी असले की वाटतंय, खरंच असंल."

संध्याकाळी लातूरच्या भाड्याच्या खोलीतून विशाखाने अर्धापूरला आईकडे फोन लावला. तिचा दोन वर्षांचा मुलगा, प्रेम, तिकडून पडद्यालाच केळं भरवू लागला. विशाखा आ करून बसली. फोन बंद झाला, तरी तोंड मिटायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी करिश्मा विशाखाच्या ऑफिसात आली.

"ते राखाडी दाणे हिशेबातून का काढलेस?"

"राखाडी? मॅडम, मी एकही दाणा काढला नव्हता. म्हणून तर लई वेळ लागत होता. चालू ठेवून मी उदगीरला लग्नाला गेले."

"मागे संगणकापाशी कोण होतं?"

"व्यंकट सर. पासवर्ड मागून घेतला. आल्यावर म्हणाले, झालं तुझं काम. व्हिडिओ काही दाखवला नाही."

"त्यांना त्यातलं कळत नाही ना?"

करिश्मा हसली. "मला शिकवलं कोणी मग?"

"तुझी मूळ फाईल आहे?"

"हाय की."

"पुरी चालव. कितीही वेळ लागू दे."

पुन्हा गोदामात गेली तेव्हा विशाखासोबत पोलीस होते. चांगुणालाही तिने आत बसवलं.

"पडून असलेले दाणे हिशेबातून वगळणं चूक नाही," ती व्यंकटला म्हणाली. "काम भराभर होतं. पण शेजारचा दाणा सरकला, की पडलेल्याला परत हिशेबात घ्यावं लागतं. तुम्ही तेवढंच बंद केलंत. म्हणून आधार गेला तरी कडेचं सोयाबीन ताठ उभं राहिलं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, इतकी वर्षं काढलीत, व्यंकटराव. सोयाबीनची उभी भिंत पाहिलीत कधी?"

"करिश्मानं केलं असंल."

"तिच्या हिशेबात राखाडी रंगच नव्हता. त्याचा अर्थ मला तुम्ही सांगितलात."

तिने दुसरा व्हिडिओ लावला. मध्ये खड्डा पडला आणि कडेची रास एकदम आत ओसरली. कडेला ठेवलेला माणसाएवढा ठोकळा तिच्यासोबत गेला.

"निवृत्तीनं उडी घेतली नाही. हमालांच्या रोजच्या कामासारखं तो कडेचं चिकटलेलं सोयाबीन काठीनं मोकळं करत होता. तो कडेला उभा होता, हे तुम्हीच बोललात. म्हणजे आत डोकावून पाहिलं होतंत. पाहूनही बटण दाबायला लावलंत."

व्यंकट खुर्चीत बसला. "ट्रक खोळंबले होते. माणूस आत असला तरी आम्ही रोजच दरवाजा उघडतो, मॅडम. कधी काय झालं नव्हतं."

पोलीस त्याला घेऊन गेले. चांगुणा पदर मुठीत धरून उठून उभी राहिली.

"बाई, त्यांनी हाक मारली असंल का?"

विशाखाला खोटं बोलवलं नाही. "मारली असेल."

"मलाच हाक मारली असंल," चांगुणा म्हणाली. "दुसरं कोन होतं त्यांना?"