अकराजणी

साप्ताहिकाच्या कचेरीत तिला सगळे कानामात्राबाई म्हणत. वीस वर्षं तिनं तिथे मुद्रितं तपासली होती. एखादी वेलांटी चुकलेली असली तरी तिच्या डोळ्यांत खुपायची. पुढे अंक छापणं बंद झालं आणि जुन्या लेखांचे मिनिटभराचे व्हिडिओ करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. काम तसं सोपं होतं. लेख संगणकात चिकटवला, आवाज निवडला, बटण दाबलं की सॉफ्टवेअर आपणच लेख आटोपशीर करायचं, चित्रं काढायचं आणि कुणा बाईच्या गोड आवाजात सगळं वाचूनही दाखवायचं. तिनं शेवटी ऐकून चुका तेवढ्या काढायच्या.

त्या दुपारी संपादकांनी तिच्यापुढे एक पिवळं पडलेलं पान ठेवलं. बेचाळीस वर्षांपूर्वी नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाला रात्री आग लागली होती, त्याची बातमी. अकराजणी गेल्या होत्या.

"उद्या त्या आगीची तारीख आहे. संध्याकाळपर्यंत लावून टाकू," संपादक म्हणाले.

ती हो म्हणाली. तिची आई लग्नाआधी त्याच वसतिगृहात राहायची, हे तिनं सांगितलं नाही. आई टेलिफोन ऑपरेटर होती आणि त्या रात्री रात्रपाळीला होती म्हणून वाचली. घरात एवढंच माहीत होतं. आई त्यावर बोलत नसे, म्हणून कोणी विचारतही नसे.

तिनं बातमी टाइप केली, दोनदा तपासली, बटण दाबलं. व्हिडिओ तयार झाला. तिनं कानांना हेडफोन लावले.

"...त्या रात्री बाराजणी गेल्या."

तिनं मजकूर पाहिला. अकरा. पुन्हा बटण दाबलं. बारा. आकडा काढून अक्षरांत लिहिला. बारा. तिसऱ्या खेपेला ते शब्द म्हणण्याआधी त्या आवाजानं श्वास घेतला, धावून आल्यासारखा. यंत्राला कसला आलाय श्वास, असं स्वतःशी म्हणत तिनं मागे टेकायला पाहिलं, पण पाठ काही टेकवेना.

तिनं संपादकांना हाक मारली. त्यांनी हेडफोन लावून पूर्ण ऐकलं.

"अकराच तर म्हणतेय."

"नीट ऐका ना, सर."

"अहो, अकराच. डोळे थकलेत तुमचे... म्हणजे कान." ते हसत आत गेले.

आता ती चित्रांकडे बघत राहिली. लांबलचक कॉरिडॉर, धूर, दोन्ही बाजूंना सताड उघडी दारं. फक्त टोकाचं एक दार बंद होतं. तिनं चित्र मोठं केलं. त्या दाराला बाहेरून कडी घातलेली होती. बातमीत दाराचा उल्लेख नव्हता, कडीचा तर नव्हताच. दारावर खडूनं सोळा लिहिलं होतं.

तिनं हेडफोन काढून आईला फोन लावला.

"आई, वसतिगृहात तुझी खोली कितवी गं?"

पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"सोळा. का?"

तेवढ्यात हेडफोनची वायर कोपराला लागून निसटली आणि व्हिडिओ आपोआप पहिल्यापासून मोठ्यानं सुरू झाला. तिनं घाईघाईनं तो थांबवला.

"तुझ्याजवळ कोण बोलतंय?" आईनं विचारलं.

"कोणी नाही. मशीनचा आवाज आहे."

"मशीनचा नाही... मुंगी आहे ती."

"कोण मुंगी?"

आई बोलली ती इतक्या हळू की मुलीला फोन कानावर दाबून धरावा लागला. मुंगी तिची मैत्रीण. चालताना पावलं वाजत नसत, म्हणून मुंगी. घरातून भांडून नोकरी शोधायला आलेली. रजिस्टरात नाव नाही, म्हणून आईनं तिला आपल्या खोलीत लपवून ठेवलं होतं. रात्री रेक्टरबाई दारं ढकलून बघायच्या.

"म्हणून कामाला जाताना मी बाहेरून कडी घालून जायची... तीच म्हणायची, घाल म्हणून."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही घातली. सकाळी आले तर त्या बाजूचं छप्परच खाली आलेलं. पोलीस साहेबांनी विचारलं, सोळामध्ये कोण होतं? मी म्हटलं... कोणी नव्हतं." "मग तिथं कोणी शोधलंच नाही गं."

कानामात्राबाईनं फोन ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं काढल्या, आणि ही चूक तिच्याच घरात तिच्याहून मोठी होऊन बसली होती. संपादकांना सांगावं, तर म्हाताऱ्या आईची अब्रू चव्हाट्यावर. तिनं व्हिडिओ तसाच लावून टाकला. मजकुरात अकरा होते. जगाला अकराच ऐकू येणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या पत्त्यावर एक ईमेल आला. कोणी निवृत्त शिक्षक होते.

"माझी धाकटी बहीण बेचाळीस वर्षांपूर्वी घर सोडून गेली. त्या वसतिगृहात ती मैत्रिणीकडे राहते असं कानावर होतं, पण यादीत तिचं नाव कधी आलं नाही. तुमच्या व्हिडिओत शेवटी बाईंनी ते स्पष्ट घेतलं. आता वाट बघणं संपलं. उपकार झाले."

तिनं व्हिडिओ चारदा ऐकला. शेवटी कुणाचंच नाव नव्हतं.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेली. लख्ख ऊन होतं. आई खिडकीशी बसली होती. मुलीनं तिला ईमेल वाचून दाखवला. आईनं पदरानं डोळे टिपले, मग हात पुढे केला. "मला दाखव."

"नको, आई."

"दाखव म्हणते ना."

आईनं फोन दोन्ही हातांनी धरून अख्खा व्हिडिओ पाहिला. संपला, पडदा काळा झाला, तरी तिची नजर हलेना.

"माझं नाव घेतेय," ती म्हणाली.

"आई..."

"सारखं घेतेय. बंद कर गं ते."

"अगं, केव्हाच बंद झालंय."

आईनं फोन खाली ठेवला. मान थोडी वळवून ती समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली. आणि पलीकडून कोणी हाक मारल्यावर आपण सहज द्यावी तशी तिनं ओ दिली.

"आले गं... आले."

तेव्हाच घरात एकदम शांत झालं. त्या शांततेनंच मुलीला कळलं, की ती घरात शिरल्यापासून कुठेतरी दारावर थापा पडत होत्या.

शेवटचा मजला तो. त्या भिंतीपलीकडे नुसतं आभाळ होतं.