उजवीकडे झुकलेल्या रेघा

शेषराव सरांचं डोकं छापयंत्राच्या लोखंडी दांड्यानं फोडलेलं होतं. देऊळगाव राजातल्या त्यांच्या चित्रशाळेबाहेर पोलिसांची जीप उभी होती, त्यांच्या शिष्येला, दीपमालेला न्यायला.

"ताई, पोरगी गेली तं मी जित्ती राहत नाही," तिची आई चांगुणाबाई संजीवनीला म्हणाली. तिनंच बोलावलेली, खासगी तपास करणारी संजीवनी चित्रशाळा न्याहाळत होती. तिच्यासोबतचे निवृत्त हवालदार पंजाबराव मात्र मनातून हबकले. पोरीचे हात रक्तानं माखलेले होते.

"मी आली तं सर पडेल होते," दीपमाला म्हणाली. "उचलाले गेली, तं हात भरले."

दुसरा शिष्य गोकुळ. पंजाबरावांनी दिलेला चहा त्यानं डाव्या हातानं घेतला. पंजाबरावांना ते खटकलं.

"दुपारभर मी सरांपुढं बसेल होतो," गोकुळ म्हणाला. "त्यायनं माहा चेहरा तांब्याच्या पत्र्यावर कोरला, तेजाबात घातला, छापला. मी निघालो तवा ते जित्ते होते. मंग ही आली."

तो ठसा दोरीवर वाळत होता. भिंतीवर सरांनीच मागे काढलेलं त्याचं पेन्सिलचित्र होतं. गालावरच्या सावलीच्या रेघा दोन्हींत उजवीकडे झुकलेल्या.

"अगदी हुबेहूब!" पंजाबराव म्हणाले.

"हो ना," संजीवनी म्हणाली. भिंतीवर इतरही चेहरे होते, प्रत्येकाचं पेन्सिलचित्र आणि शेजारी ठसा. ती एकेकापुढं थांबत गेली. "दीपमाला, सर कोणत्या हातानं काढायचे?"

"उजव्या."

"पंजाबराव, हे बघा. सरांच्या पेन्सिलीच्या रेघा उजवीकडे झुकतात, ठशातल्या डावीकडे. पत्र्यावरचं सगळं कागदावर उलटं येतं. एकटा गोकुळचा ठसा पेन्सिलीशी जुळतो. म्हणजे पत्र्यावर त्या रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या. तसा कल डावखुऱ्याच्या हाताला असतो."

पंजाबरावांना गोकुळच्या डाव्या हातातला चहाचा कप आठवला.

"सर जिवंत असल्याचा पुरावा तू आधीच घरी कोरून आणलास, गोकुळ. सरांना का मारलंस?"

गोकुळनं दोरीवरच्या ठशाकडं पाहिलं. मग त्याचा आवाज फाटला. "प्रदर्शनाले हिचंच काम धाडून राह्यले होते. मले म्हणे, तू नुसती नक्कल करतं. तुह्या रेघेत तू कुठीच नाही."

संजीवनीनं ठसा दोरीवरून उतरवला. डोळ्यांभोवती रेघ इतकी दाबून ओढली होती की पत्रा जखमी झाला असावा.

"यात आहेस," ती म्हणाली, आणि ठसा पोलिसांच्या हाती दिला.