करंटचा परिणाम

कपाळावरच्या पट्ट्याखालच्या ओल्या स्पंजचं पाणी त्याच्या भुवईवरून ओघळलं, मी पटकन रुमालाने टिपलं... आणि तिथंच घोटाळा झाला.

तो अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायचा. एकदम तीन कामं करताना मेंदूला सौम्य वीज दिली तर लक्ष टिकतं का, हे आमची प्रयोगशाळा तपासत होती. सुरुवातीची चुणचुण सगळ्यांनाच. पुढे निम्म्यांना खरा करंट, निम्म्यांना काहीच नाही. कोणाला काय, हे मलाही ठाऊक नसायचं. यादी बंद पाकिटात, सरांच्या कपाटात.

“चुणचुणतंय?” मी विचारलं.

“हो. पण कपाळावर नाही...”

“समोर बघा!”

“समोरच बघतोय की.”

समोर मी होते. मेला कसला निर्लज्ज! मी तोंड फिरवून हसले.

आठ बैठका झाल्या. बाकीच्यांचे गुण वाढले, याचे घसरत गेले. पडद्यावरचे ठिपके सुटायचे, कानातल्या घंटा सुटायच्या. माझे नवे कानातले मात्र बरोबर दिसायचे.

शेवटच्या दिवशी पट्टा सोडताना त्याने माझं मनगट धरलं. “माझी बदली होतेय. थांबा म्हणालात तर नाकारतो. मला... तुम्ही आवडता.”

काळजात लख्ख झालं, खोटं कशाला सांगू? पण मी पडले शहाणी! “हा करंटचा परिणाम आहे,” म्हणाले. “महिन्याभरात ओसरेल. अशा भरात काही ठरवू नका.”

“एवढी खात्री?”

“माझं कामच आहे ते.”

तो गेला.

सहा महिन्यांनी पाकीट उघडलं. त्याच्या नंबरापुढे लिहिलं होतं: करंट नाही. आठही बैठकांत नाही. तिथल्या तिथे फोन लावला.

“तुम्हाला करंट दिलाच नव्हता हो!”

तो म्हणाला, “मला वाटलं, नाही म्हणायची ती तुमची सभ्य रीत होती.”

“नव्हती! मला तुम्ही... तेव्हाही आवडायचात. आत्ताही.”

“आत्ता सांगताय? लग्न ठरलंय माझं. ती... फार चांगली आहे.”

“मग ती काही म्हणाली, तर लगेच विश्वास ठेवा,” मी कशीबशी म्हणाले. “माझ्यासारखा पुरावा मागत बसू नका.”

फोन ठेवला, दार लावून घेतलं आणि पोटभर रडले.