पहिले दोन फोटो

भुताच्या गोष्टीला अमावस्येची रात्र लागते म्हणे. माझ्या गोष्टीला नाही लागली. ही भर दुपारची आहे, आणि खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. मला मात्र ती सोडत नाही.

साल १९९६, डिसेंबर महिना. सुरतेतलं बमरोली.

मी गजेंद्र, मूळचा अमळनेरकडचा. लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होतो. एका खोलीत मी आणि आई, मंगलाबाई. चौटा बजारातून मी एक जुना रोलचा कॅमेरा घेतला होता. सुट्टी आली की दिसेल त्याचे फोटो काढायचो. लोक बायको शोधतात, हा उजेड शोधतो, असं आई शेजारणींना सांगायची.

धाकटी बहीण सोनाली बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगा झाला.

हा तिचा दुसरा.

पहिला दोन वर्षांपूर्वी झाला, तेव्हाच प्लेगची धास्ती पसरली. आमची अख्खी चाळ गावाला पळाली. आम्हीही ओल्या बाळंतिणीला घेऊन गाडीत घुसलो. गावी पोचलो आणि बाळाला ताप भरला...

बारशाच्या आतच गेला. नावसुद्धा नव्हतं त्याला.

आणि एकही फोटो नव्हता. माझ्याकडे तेव्हा कॅमेरा नव्हता. स्टुडिओवाल्याला बोलवायचं म्हटलं होतं, पण बारशाआधी फोटो नको म्हणून आई आडवी आली होती. पुढे पुढे सोनालीला त्याचा चेहरा आठवेनासा झाला. त्या एका गोष्टीनं ती आतून खचली होती. माझ्यानं बघवत नव्हतं.

म्हणून या वेळी दवाखान्यातून घरी आल्या आल्या तिनं हट्ट धरला.

"दादा, आजच फोटो काढ. सकाय नको."

"बारसं तर होऊ दे वं माय," आई म्हणाली.

"मागला टाइमले बी तू हाईच बोलनी व्हती."



त्या दिवशी खात्यांना सुट्टी होती. बमरोलीत लूमची खटखट चोवीस तास कानात असते, ती बंद पडली की आपणच बहिरे झाल्यासारखं वाटतं. खोलीत तशी शांतता होती. छताच्या हुकाला आईच्या लुगड्याची झोळी टांगलेली. बाळ सोनालीच्या मांडीवर होतं.

मी नवा रोल चढवला. ज्यांनी रोलचे कॅमेरे वापरलेत त्यांना माहीत असेल, रोल चढवला की पहिले दोन फोटो वाया घालवायचे. फिल्म पुढे सरकावी म्हणून कशावरही खटका दाबायचा.

मी रिकाम्या झोळीवर दाबला.

दुसऱ्या वेळी झोळीला एक हेलकावा दिला. हलत्या वस्तूवर फ्लॅश कसा पडतो, ते बघायचं होतं.

"रिकामी झोयी हालावतस का रे!" आई ओरडली.

मी हसलो. आणि मग ऐकू आलं...

कुर्र... कुर्र...

हूक वाजत होता.

रिकाम्या झोळीचा हूक वाजत नाही. आत वजन असेल तरच वाजतो.

आईनं धावत जाऊन झोळी दोन्ही हातांनी धरली. झोळी लगेच थांबली नाही... आईला एक पाऊल मागे रेटून मग थांबली. तिनं आत वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. पण आईचा चेहरा पांढरा पडला होता.

"कापड गरम शे," ती एवढंच पुटपुटली.

सोनालीनं बाळाला झोळीत ठेवलं. त्यानं असा टाहो फोडला की मला घाम फुटला. हातपाय आखडून ते एका कडेला गोळा झालं. आत जागाच नसल्यासारखं...

उचललं की शांत. ठेवलं की पुन्हा तेच.

शेवटी दारातल्या उजेडात, सोनालीच्या मांडीवरच मी त्याचे फोटो काढले. झोळी आईनं त्याच दिवशी सोडून टाकली.

पुढच्या आठवड्यात फोटो आणायला गेलो. स्टुडिओवाल्यानं पाकीट देताना सहज विचारलं,

"भाई, तमारे घेर बे छोकरा छे?"

"दोन नाही, एकच," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पहिले दोन फोटो वर काढून ठेवले.

झोळी भरलेली होती. चांगली खाली लोंबलेली.

दुसऱ्या फोटोत कापडाबाहेर एक पाय आला होता. तान्ह्या बाळाचा नाही... दोन वर्षांच्या पोराचा असतो तेवढा. घोट्यात काळा दोरा, त्यात भोकाचा तांब्याचा पैसा. दोरा इतका आखूड की मांसात रुतला होता.

तो दोरा मी ओळखला. सोनालीनं पहिल्याच्या पायात स्वतः बांधला होता. पुरताना तो तसाच ठेवला होता.

फोटो लपवायचे ठरवून घरी गेलो. पण सोनालीनं पाकीट हातातून ओढून घेतलं.

ती किंचाळली नाही. रडलीही नाही. त्या पायावर बोट ठेवून हसली.

"हाऊ मना पोऱ्या शे," म्हणाली.

निगेटिव्ह मी तापीत सोडली. तो फोटो मात्र तिनं दिला नाही, आजही तिच्या देव्हाऱ्यात आहे. दुसऱ्या बाळाचं नाव आईनं निंबा ठेवलं, कडू असला की कोणी नेत नाही म्हणून. निंबा सुखरूप वाढला. आई गेली. मला वाटलं, संपलं.

मागच्या महिन्यात निंबाला मुलगी झाली. सगळे मोबाइलवर फोटो काढत होते. सोनालीनं मला बाजूला घेतलं.

"दादा, तोच कॅमेरा आन. नवा रोल चढाव."

तिनं माझं मनगट धरलं.

"पहिला दोन फोटो झोयीना काढ... रिकामी राहीन तवय." तिचे डोळे भरून आले. "आते तो केवढा व्हयना व्हई रे. दोरा रुतत व्हई त्याले."

मला तिला हो म्हणवत नाही. नाही म्हणवत नाही.

कॅमेरा कपाटावर आहे. रोल अजून मिळतात, मी चौकशी केली आहे.