केगवरची गार रेघ

धैर्यशीलने केगचा, म्हणजे बियर भरायच्या स्टीलच्या पिंपाचा, बिघडलेला गॅस रेग्युलेटर काउंटरवर आपटला आणि एक सणसणीत मराठी शिवी हासडली. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआतलं ते घरी बियर बनवणाऱ्यांचं दुकान. मालक गोरा म्हातारा, त्याला काय कळणार! "स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणत तो रेग्युलेटर घेऊन आत गेला.

पण मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"कोल्हापूर सोडल्यापासून इतकी स्वच्छ शिवी ऐकली नव्हती," एका बाईचा आवाज म्हणाला.

त्याने वळून पाहिलं. निळा रेनकोट, कपाळाला चिकटलेले ओले केस, हातात बियरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचं पाकीट.

"कळली असेल तर विसरा," तो म्हणाला.

"छे, लिहून ठेवणार आहे. केग काठोकाठ भरलात ना? बियर गॅसच्या नळीत चढली?"

"झाकण बंद ठेवून भरावं लागतं. आतलं दिसत नाही."

"म्हणून तर वजन करायचं. रिकामा केग काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि भरत जा. एक लिटर म्हणजे साधारण एक किलो. अठरा किलो झाले की नळ बंद."

"माझ्याकडे काटा नाही."

"मग घ्या. समोरच आहे."

"नको म्हणजे नको!"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. ती मात्र जागची हलली नाही.

"ओरडता छान," ती म्हणाली. "पण त्याने केग भरत नाही."

त्याला हसू आलं — आणि हसू आलं म्हणून तो आणखी चिडला.

नीता, त्याची बायको, गेल्या हिवाळ्यात वारली. तेव्हापासून तो चिडलेलाच होता. डॉक्टरांवर, वाऱ्यावर, डबे घेऊन येणाऱ्या मराठी मंडळाच्या लोकांवर. नीतावरसुद्धा, अशी कशी गेली म्हणून. हा राग तो जपत होता. राग ओसरला की घरातली नीताही जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

निळ्या रेनकोटवालीचं नाव श्यामला. वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात कॉम्प्युटरचं काम करायची आणि शनिवारी ट्रेनने पोरिरुआला यायची. दुकानात दोघांची गाठ पडायची आणि भांडण व्हायचं. कडवटपणावरून, यीस्टवरून, कशावरूनही. तिचं एक बरं होतं. ती त्याच्याशी जपून बोलायची नाही.

"तुमची बियर एकदा चाखायला हवी," ती एका शनिवारी म्हणाली. "मगच तुमचा तोरा खरा मानेन."

"या की," तो धमकी दिल्यासारखा म्हणाला. "केग भरतोय उद्या. तोंड तरी बंद होईल तुमचं."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या गॅरेजमध्ये आली. बाहेर आडवा पाऊस. रेनकोट निथळत होता आणि काखेत बाथरूममध्ये ठेवतात तसला वजनकाटा.

"तुमच्यासाठी आणलाय. आता सबब नाही—"

"तो बाहेर न्या."

"अहो, पण—"

"बाहेर म्हणजे बाहेर! फेकून द्या तिकडे!"

गॅरेजचा पत्रा दणाणला. श्यामला दारापर्यंत गेली, काटा ओल्या गवतावर ठेवला आणि परत आली. तिचे कान लाल झाले होते.

"झालं? आता माझं ऐक," ती म्हणाली. अहो-जाहो संपलं होतं. "माझ्यावर असं कुणी ओरडलेलं मी खपवून घेत नाही. कारण सांग. नाहीतर मी चालले, आणि मग त्या दुकानातसुद्धा दिसणार नाही."

ती खरंच जाईल, हे त्याला कळलं. त्याने केगवर हात टेकला.

"नीता रोज काट्यावर उभी राहायची... आजारात. तिला वाकता यायचं नाही, आकडा मी वाचायचो. रोज कमी व्हायचा. मी म्हणायचो, कालइतकाच आहे. ती म्हणायची, बरं. तिला माहीत होतं गं. तरी बरं म्हणायची. तो काटा मी हातोडीने फोडला."

आता ही 'सॉरी' म्हणेल. मग हिच्यावरही चिडता येईल. तो वाटच पाहत होता.

"किटली कुठाय?" श्यामलाने विचारलं.

"काय?"

"किटली. बियर फ्रिजमधली गार आहे ना? मग काटा कशाला? नळ सोड."

बियर नळीतून केगमध्ये उतरू लागली. श्यामलाने किटलीत पाणी तापवलं आणि केगच्या बाहेरून त्याची धार सोडली.

"हात लाव. वरून खाली ये."

"गरम आहे... गरम... अरे! इथे एकदम गार लागतं."

"तिथपर्यंत बियर आली."

तिनेही शेजारी बोटं टेकवली. गार रेघ हळूहळू वर चढत होती, आणि तिच्यामागे दोघांचे हात. तिची करंगळी त्याच्या करंगळीला लागली... तिने काढली नाही. त्यानेही नाही.

केगच्या वरच्या जोडाखाली चार बोटं उरली तेव्हा ती म्हणाली, "बास."

त्याने नळ बंद केला. हात मात्र तिथेच राहिला.

"तुझा मला फार राग येतो," तो म्हणाला.

"ते दिसतंच."

"तसा नाही. तू आलीस की मला बरं वाटतं. त्याचा येतो. नीता तिकडे गेलीय, आणि मी इथे शनिवारची वाट बघतो. लाज वाटते मला."

श्यामलाने किटली खाली ठेवली.

"चीड की," ती म्हणाली. "तिच्यासाठी चीड, माझ्यावर चीड. मी काही तुझा राग काढून घ्यायला आलेली नाही. फक्त लाज नको. माणूस वाट बघतोय, चोरी नाही करत."

तिने रेनकोट उचलला. "निघते. पुढची ट्रेन चुकली तर तासभर स्टेशनवर भिजत बसावं लागेल."

"कशाला जायचं?" तो एवढ्या जोरात म्हणाला की स्वतःच दचकला. "म्हणजे... पाऊस आहे. पिठलं टाकतो. जाऊ नकोस."

"हे विचारतोयस की भांडतोयस?"

"दोन्ही!"

"मग भांडण पुरं करूनच जाते," ती म्हणाली. तिने रेनकोट खिळ्याला अडकवला आणि कांदा कुठे ठेवलाय ते विचारलं.