बेचाळीस टेबलांचा रविवार

"इंजिनिअर येणार आहेत की मुहूर्त बघतायत?" लिफ्टमधला तरुण फोनवर कुणाला तरी विचारत होता.

शेफालीने पाठीवरची बॅग सावरली. "आलेत. तुमच्या शेजारीच उभे आहेत."

तो असा ओशाळला, की मजला आला तरी बाहेर पडायचं विसरला.

शेफाली गावंडे मूळची पुसदची. हिंजवडीच्या एका नेटवर्क कंपनीत लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. ठरलेला इंजिनिअर आजारी पडला, म्हणून ऐनवेळी तिला विश्रांतवाडीला धाडलं होतं. एकटीने करायचं हे तिचं पहिलंच काम. आणि लिफ्टमधला तो तरुण म्हणजे रविराज, तिथल्या ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारा. डोमेन कंट्रोलर बदलायचा होता. रोज सकाळी प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड तपासून आत घेणारा तो सर्व्हर आता बारा वर्षांचा झाला होता, दमेकऱ्यासारखा घरघरत होता.

"मी काही करू?"

"शांत बसा."

"अवघड काम सांगितलंत."

शेफालीने हसू स्क्रीनमागे लपवलं.

दुपारी दोन वाजेपर्यंत सगळा कारभार नव्या सर्व्हरवर आला. पण रिसेप्शनचा कॉम्प्युटर काही कुणाला आत घेईना! कारण तिने शोधलं. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये जुन्या सर्व्हरचाच नेटवर्कवरचा पत्ता हाताने टाकलेला होता. जुन्यावर हजेरीचं मशीन चालायचं, म्हणून तो आहे त्याच पत्त्यावर ठेवणं भाग होतं; त्यामुळे तो पत्ता नव्याला देताही येत नव्हता.

तेवढ्यात रविराजला मालकांचा, हिंमतरावांचा फोन आला. त्याने फोन स्पीकरवर टाकून अडचण सांगितली. "उद्या माणसं बसून राहतील. जुनंच चालू करा, आणि मोठा इंजिनिअर मागवा."

रविराज काही बोलायच्या आत शेफालीने फोन हातात घेतला. "साहेब, सहापर्यंत वेळ द्या. नाही झालं, तर जुनं मी स्वतः सुरू करून जाईन."

फोन परत देत ती रविराजकडे वळली.

"किती कॉम्प्युटर?"

"बेचाळीस."

"चला."

रिकाम्या ऑफिसात दोघं टेबलामागून टेबल घेत निघाले. ती नवा पत्ता टाकायची, तो तपासायचा.

"हे नम्रताताईंचं. माउस जागचा हलला, तर उद्या चौकशी समिती."

"आणि हे?"

"योगेशचं. कीबोर्डात अर्धी भेळ आहे."

ती खळखळून हसली आणि धुळीने शिंकली. त्याने रुमाल पुढे केला.

"झालं का?" पुढच्या टेबलावर त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"करून राहिली ना मी!" ती फिसकारली, आणि जीभ चावली. हिंजवडीत सगळे हसतात म्हणून ही वऱ्हाडी बोली तिने चार महिने गिळून ठेवली होती.

"पुन्हा म्हणा ना…"

"चेष्टा करताय?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "छान वाटलं ऐकायला."

एन्टर दाबायला दोघांची बोटं एकदमच पुढे आली. कुणीच लगेच मागे घेतली नाहीत.

पावणेसहाला शेवटचा कॉम्प्युटर सुरू झाला.

सोमवारी सकाळी ती खात्री करायला आली. माणसं आली, पासवर्ड टाकले, कामाला लागली. काही बदललंय, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेफालीने सुटकेचा निःश्वास टाकला.

"म्हणजे आता तुम्ही परत येणार नाही," रविराज म्हणाला.

"काही बिघडलं तर येईन."

"बिघडवू?"

"हात लावून बघा!" तिने डोळे वटारले. "यायला दुसरं कारण द्या. सरळ. स्पष्ट."

"कारण… म्हणजे… काल एकोणिसाव्या टेबलापासून वाटत होतं, की ही टेबलं संपूच नयेत."

शेफालीने बॅग खांद्याला लावली, दोन पावलं दाराकडे गेली आणि वळली.

"एवढ्या उशिरा? मला तर सातव्यापासूनच वाटत होतं."